आईच्या फोनवरून आलेली उत्तरं

कानांच्या त्या दवाखान्यात ती इतकी वर्षं कामाला होती, की डॉक्टर बदलले, पाटी बदलली, बाकांवरचं रेक्झिन बदललं, ही मात्र तिथेच. तपासणीला येणारी लहान मुलं तिला कानताई म्हणायची. हळूहळू मोठ्यांनीही तेच नाव उचललं आणि मग तिचं खरं नाव पगारापुरतंच उरलं.

तिचं काम साधं होतं. आतल्या छोट्या बंद खोलीत माणसाला बसवायचं, डोक्यावर हेडफोन चढवायचे, स्वतः काचेच्या बाहेर बसायचं आणि एकेक सूर सोडायचा. ऐकू आला की माणसानं हातातलं बटण दाबायचं. त्या खोलीच्या भिंतींना जाड स्पंज लावलेला होता आणि दार एवढं वजनदार, की ते लावताना खांदा द्यावा लागे. दार लागलं की बाहेरचं जग कुणीतरी फडक्यानं पुसून टाकल्यासारखं व्हायचं. काही जण घाबरून बाहेर यायचे. "अहो, माझ्याच पोटातलं मला ऐकू येतंय!" म्हणायचे. कानताईला मात्र तिथे बरं वाटायचं. तिचे स्वतःचे कान फार तिखट. जिन्यावर कोण चढतंय ते चपलेवरून सांगायची. ताटाला चमचा घासला तरी तिच्या अंगावर काटा यायचा. लग्न केलं होतं, ते टिकलं नाही. का टिकलं नाही हे कुणी विचारलं तर म्हणायची, "तो घोरायचा." विचारणारा हसायचा आणि विषय संपायचा.

आई गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायची. "माझ्याकडे चल" म्हटलं की आई हात झटकायची. "तुझ्याकडे आले तर खोकायचीसुद्धा चोरी. नको गं बाई."

म्हणून मग कानताईनं दुसरी सोय केली. दवाखान्यातली मशीनं दुरुस्त करायला एक तंत्रज्ञ यायचा, त्यानं तिला एक नवी तऱ्हा शिकवली होती. तो म्हणायचा, "ताई, आपले फोटो, आपले आवाज त्या मोठ्या कंपन्यांच्या घरात कशाला ठेवायचे? आपली स्वतःची कोठी घ्यायची. वस्तू कोठीत. अ‍ॅप म्हणजे नुसती खिडकी. एक खिडकी बंद पडली तर दुसरी उघडायची, वस्तू जागच्या हलत नाहीत." चार हौशी माणसं मिळून एक छोटा सर्व्हर चालवत होती, तिथे त्यानं तिला जागा मिळवून दिली. मग कानताईचे फोटो एका अ‍ॅपमधून दिसत, मैत्रिणींशी गप्पा दुसऱ्या अ‍ॅपवर, आवाजाचे निरोप तिसऱ्यावर. पण सगळा माल त्या एकाच कोठीत.

आईला अक्षरं दिसेनाशी झाली होती, म्हणून तिच्या फोनवर आवाजाचंच अ‍ॅप घातलं. वेगळं खातं काढू का विचारल्यावर आई म्हणाली, "मला कशाला वेगळा संसार? तुझ्याच कोठीत एक कोपरा दे." तेव्हा कानताईनं तिच्या फोनला आपल्याच कोठीची चावी दिली. फोनच्या पडद्यावर एकच मोठं बटण ठेवलं: बोला. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत कानताई त्या बंद खोलीत जायची, दार लावायची आणि बोलायची, "आई, जेवलीस का? औषध घेतलंस का?" तिकडे फोन आपोआप वाजायचा. आई कधी उत्तर द्यायची, कधी नाही. दिलं तर एवढंच, "हो हो, झालं. तू तुझं बघ."

एखाद्या दिवशी गर्दी असली की निरोप राहून जायचा आणि आई हिरमुसायची. त्यावरही त्या अ‍ॅपमध्ये उपाय होता. नवा निरोप आला नाही, तर अ‍ॅप जुन्यातला एखादा काढून वाजवायचं. कानताईनं ते चालू करून ठेवलं आणि आईला सांगितलंच नाही. एकदा सुट्टीवर गेली होती तेव्हा आई फोनवर म्हणाली, "प्रवासातसुद्धा आठवणीनं बोलतेस हो." कानताईला जरा ओशाळल्यासारखं झालं, पण तिनं ते चालूच ठेवलं.

मग आई गेली. फार आजारी न पडता, एका सकाळी. घर रिकामं करायची वेळ आली तेव्हा कानताई थोरल्या भावाला म्हणाली, "दादा, मला काही विचारू नकोस. काय द्यायचं ते दे, काय टाकायचं ते टाक." तिनं स्वतःच्या फोनमधून आवाजाचं अ‍ॅप काढून टाकलं आणि जेवणाच्या सुट्टीत त्या खोलीत जाणं सोडलं. सुट्टीत ती आता बाहेरच्या बाकावर बसून डबा खायची.

दोनेक वर्षं अशी गेली. मग त्या सर्व्हरवाल्या हौशी मंडळींनी कळवलं, की आता आम्हाला झेपत नाही, महिनाअखेर सर्व्हर बंद करतोय, ज्यानं त्यानं आपली कोठी दुसरीकडे हलवावी. हलवण्याआधी नको ते काढून टाका, म्हणजे ओझं कमी होईल, असंही लिहिलं होतं. कानताईला आवराआवरीची आवड. एका निवांत दुपारी पेशंट नव्हते तेव्हा ती दवाखान्यातल्या कंप्युटरवर आपली कोठी उघडून बसली. प्रत्येक वस्तूपुढे ती कुठल्या अ‍ॅपमधून आली आणि कुठल्या फोनवरून, ते लिहिलेलं होतं. तिनं फोटो चाळले. अंधुक आलेले, दोनदा आलेले, पायाचे, जमिनीचे. टाक, टाक, टाक. मग आवाजांकडे वळली.

सगळ्यात वरती जो आवाज होता, तो कालचा होता. पुढे लिहिलं होतं: आईचा फोन.

तिला वाटलं, तारखेची काहीतरी गडबड असेल. खाली गेली. परवाचा होता. त्याच्या आदल्या दिवशीचा होता. ती खाली खाली जात राहिली आणि आवाज संपेनात. आई गेली त्यानंतर थोडे दिवस कोरे होते, आणि तिथून पुढे जवळजवळ रोज एक.

तिनं ते आवाज आपल्या फोनवर घेतले, बंद खोलीत गेली, खांदा देऊन दार लावलं आणि हेडफोन चढवले.

आधी थोडी खरखर आली. मग एका म्हाताऱ्या बाईचा आवाज, घशातून ओढून काढल्यासारखा, गरजेपेक्षा मोठा.

"हो. दार उघडंच ठेवलंय."

कानताईनं दुसरा लावला.

"नाही, तो काही बोलत नाही मला. तू काळजी करू नकोस."

तिसरा.

"ये ना गं. किती वाट बघायची?"

आवाज आईचा आहे का? म्हातारपणी सगळ्या बायकांचे आवाज एकाच वळणावर येतात, हे ती रोजच्या कामातून जाणून होती. नाही म्हणावं तर तसाच, हो म्हणावं तर कुठेतरी वेगळा. तिनं डोळे मिटले आणि आवाजाच्या मागचं ऐकायला लागली. लांबून कसलं तरी इंजिन सुरू होऊन बंद पडत होतं. आणि बाई बोलता बोलता हलली, तेव्हा खुर्ची वाजली. आधी लांबलचक कर्र, मग मागचा पाय जमिनीवर टेकल्याचा टक्.

ती आईची खुर्ची होती. मागचा डावा पाय आखूड असलेली. तो आवाज कानताईनं लहानपणापासून ऐकला होता. त्यात चूक होणं शक्य नव्हतं. तिनं हेडफोन काढले. खोलीत काहीच ऐकू येत नव्हतं, फक्त तिचं स्वतःचं रक्त कानात धपधप करत होतं. आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला त्या खोलीची भीती वाटली.

घरी गेली, पण जेवण जाईना. कुणाला सांगावं? दादाला सांगितलं तर म्हणेल, विश्रांती घे. तंत्रज्ञाला सांगितलं तर तो दहा तांत्रिक गोष्टी सांगेल. दुसऱ्या दिवशी तिनं आवाजाचं अ‍ॅप परत फोनमध्ये घातलं. सुट्टीत खोलीत गेली, बटण दाबलं आणि तिच्या तोंडून एकच शब्द निघाला.

"आई?"

तसंच पाठवून दिलं. बाहेर पेशंट थांबले होते. ती जायला उठली तेवढ्यात फोन थरथरला. उत्तर आलं होतं.

"हं, बोल गं. आज एवढंच? आणि इतकं हळू का बोलतेस? शेजारी कुणी बसलंय का?"

कानताईनं मान वळवून शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती. तिला ते ठाऊकच होतं, तरी तिनं पाहिलं. मग दार ढकलून ती अशी बाहेर आली, की बाकावर बसलेल्या गृहस्थांनी विचारलं, "बरं नाही का ताई?"

संध्याकाळी तिनं दादाला फोन लावला.

"दादा, आईचा फोन तू कुणाला दिलास?"

"कुठला फोन?"

"आईचा. आणि खुर्ची?"

"अगं, तूच म्हणालीस ना काही विचारू नकोस म्हणून."

"आता मी विचारतेय."

"ज्याच्या टेम्पोतून सामान हलवलं, त्याला दिलं सगळं. खुर्ची, शाल, काठी, फोन. त्याच्या घरी त्याची म्हातारी सासू असते म्हणाला. म्हटलं, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. फोनमधलं काही पुसायचं वगैरे मला कुठे जमतंय! सिमकार्ड काढलं आणि दिला. का, काय झालं?"

"काही नाही," कानताई म्हणाली.

आता सगळं उलगडलं होतं. टेम्पोवाल्यानं आपलं सिमकार्ड घातलं असणार, पण चावी त्या फोनमध्ये तशीच राहिली होती. नवा निरोप येत नाही म्हटल्यावर अ‍ॅप इमानेइतबारे रोज दुपारी जुन्यातला एक काढून वाजवत होतं, आणि कुणीतरी म्हातारी ते बटण दाबून उत्तर देत होती. उत्तरं विसंगत का, हेही तिला लगेच कळलं. तो मोठा, सपाट, टोकं झिजलेला आवाज ती दवाखान्यात रोज ऐकायची. बाईला ऐकू येत नव्हतं. प्रश्नाचा नुसता हेल पोचत होता, शब्द पोचत नव्हते. दोन वर्षं ती रोज एका अनोळखी बाईला "आई" म्हणून हाक मारत होती, आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता.

दादाकडून टेम्पोवाल्याचा पत्ता घेऊन, अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती गेली. गाड्या उभ्या करायचं मोठं अंगण होतं. तेलाचे डाग, टायरांच्या चळती, आणि टोकाला पत्र्याच्या छपराची जोडखोली. दार सताड उघडं होतं. आत दाराकडे पाठ करून एक बाई बसली होती. आईच्या खुर्चीत, आईची मरून शाल पांघरून, आईची काठी गुडघ्यांवर आडवी धरून. मानेवर पांढऱ्या केसांची तशीच बारीक वेणी. कानताईचा पाय उंबऱ्यावरच थांबला. हाक मारावी तर ती कुठल्या नावानं?

तेवढ्यात कपाटावरचा फोन बोलायला लागला. पूर्ण आवाजात, पत्र्याला दणका बसेल असा.

"आई, जेवलीस का? आज पाय कसा आहे?"

तिचाच आवाज. ती दारात तोंड मिटून उभी होती आणि तिचाच आवाज तिच्यापुढे खोलीत बोलत होता. तिच्यापेक्षा ताजा, तिच्यापेक्षा आनंदी. म्हातारी काठीवर भार देऊन उठली, हात लांब करून बटण दाबलं आणि म्हणाली, "हो, उघडंच आहे. केव्हाही ये."

कानताई मागे सरकली आणि अंगणात येऊन जरा मोठ्यानं म्हणाली, "कुणी आहे का इथे?"

टेम्पोखालून पाना पडल्याचा आवाज आला. एक धिप्पाड माणूस घासत बाहेर आला आणि तसाच जमिनीवर बसून तिच्याकडे बघत राहिला. चेहरा पांढराफटक.

"परत बोला," तो म्हणाला.

"काय बोलू?"

"देवा!" त्यानं काळ्या हातानंच तोंड पुसलं. "तुम्ही म्हणजे त्या फोनमधल्या बाई. मला वाटायचं, तुम्ही गेलेल्या असाल. दुसऱ्याच्या घरातून आलेला फोन, रोज ठरल्या वेळेला बोलतो... मी तर दुपारी आत जायचंच सोडलं होतं."

तो जावई. त्यानं तिला पत्र्याच्या डब्यावर बसवलं, पाणी आणून दिलं आणि खालच्या आवाजात सगळं सांगितलं. त्याची बायको, म्हणजे आजींची एकुलती एक लेक, बऱ्याच वर्षांपूर्वी घर सोडून गेली होती. आधी आईशी भांडण, मग याच्याशी. एक दिवस बॅग भरली आणि गेली. पत्ता नाही, चिठ्ठी नाही. "राहिलो आम्ही दोघं. मी म्हटलं, आता मी तुम्हाला कुठे टाकू? त्या म्हणाल्या, मी तरी तुला कुठे टाकू? तसे राहतोय." तो जरा हसला. "मग तो फोन आणला. पहिल्याच दुपारी तो बोलला आणि आजी रडायला लागल्या. म्हणाल्या, आली, बोलली, रुसवा गेला तिचा. त्यांना शब्द कळत नाहीत, नुसतं 'आई' तेवढं कळतं. मी काय करायचं होतं? म्हणायचं, ही तुमची नाही म्हणून?"

"त्यांच्या कानांचं काहीतरी करता येईल," कानताई म्हणाली. तोंडून निघून गेलं, सवयच ती.

जावयानं तिच्याकडे रोखून पाहिलं. "येईल हो. पण कान आले तर लेक जाईल, ताई."

सर्व्हर बंद व्हायला थोडेच दिवस राहिले होते. तिनं काहीच केलं नसतं तरी त्या दिवशी फोन आपोआप मुका झाला असता आणि आजींना वाटलं असतं, पुन्हा रुसली. कोठी नव्या जागी हलवली, चावी तशीच ठेवली, तर हे असंच चालू राहिलं असतं. रोज दुपारी तिच्या आवाजानं कुणाची तरी मुलगी होत राहायचं. दोन्हीपैकी कुठलंही करायला तिचं मन धजेना.

मार्ग काढला तो आजींनीच. जावयानं कानात ओरडून सांगितलं, की या बाई कानांच्या दवाखान्यातल्या आहेत. त्यासरशी म्हातारीनं कानताईचं मनगट धरलं. "मला तिचं बोलणं नीट ऐकायचंय. नुसता सूर येतो गं, शब्द येत नाहीत. रोज काहीतरी विचारते आणि मी आपलं अंदाजानं सांगते. करशील का एवढं?"

नाही कसं म्हणायचं? आणि हो तरी कसं?

पुढच्या आठवड्यात जावई त्यांना टेम्पोतून घेऊन आला. कानताईनं त्यांना बंद खोलीत बसवलं. काचेपलीकडे आईची शाल, आईची काठी. आणि बटण दाबणारा हात अनोळखी. तपासणी होईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही, सगळं खुणांनी समजावलं. डॉक्टरांनी दवाखान्यातलं एक वापरलेलं मशीन त्यांच्या मापाचं करून दिलं. मग ते कानात बसवून, चालू करून, "ऐकू येतंय का?" असं विचारायचं काम राहिलं. ते काम कानताईचंच. तिनं डॉक्टरांना सांगून बघितलं, "आज तुम्ही विचारा." डॉक्टर म्हणाले, "का? रोज तुम्हीच विचारता."

तिनं मशीन कानात बसवलं. चालू केलं. समोर बसली.

"आजी, ऐकू येतंय का?"

आजींची नजर तिच्या तोंडावर खिळली. ओठ हलले, थांबले. बाहेरच्या खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली, त्यासरशी त्या दचकल्या आणि परत तिच्याकडे वळल्या.

"अजून बोल."

"तुमचं नाव सांगा बरं."

"ते राहू दे. 'आई' म्हण."

जावई दारात उभा होता, तो भिंतीकडे बघायला लागला. कानताई म्हणाली, "आई."

मग आजींनी हात वर केला आणि तिच्या गालाला लावून बघितला. आंधळी माणसं बघतात तसा.

"तूच ना ती?" त्या म्हणाल्या.

"हो."

"रोज तूच?"

"हो, आजी. माझ्या आईसाठी होतं ते."

आजींनी मान हलवली, समजल्यासारखी. आणि मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "मग माझी कुठे आहे?"

कानताईनं पुढे बऱ्याच जणांचे कान तपासले, पण त्या दिवशीचं ते वाक्य तिला कुठल्याही खोलीत गेलं तरी ऐकू यायचं. म्हातारीनं मशीन काढून टेबलावर ठेवलं आणि जावयाचा दंड धरून निघून गेली.

मशीन दोन दिवस टेबलावर पडून होतं. तिसऱ्या दिवशी जावई येऊन घेऊन गेला. "त्यांनी मागितलंय," एवढंच म्हणाला. त्याच संध्याकाळी कानताईनं ते जुने निरोप वाजवायचं बंद केलं, आईच्या फोनची चावी काढून घेतली आणि कोठी हलवायला घेतली. आईची खरी उत्तरं, हो हो झालं, तू तुझं बघ, एवढीशी होती. ती तिनं आधी उचलली. स्वतःचे निरोपही घेतले. राहिली आजींची उत्तरं. ती तिची नव्हती. टाकायचा हक्कही तिचा नव्हता. उत्तरं घेऊन ती पुन्हा त्या अंगणात गेली.

आजी तिच्याशी बोलतील असं तिला वाटलं नव्हतं. पण त्यांनी बसायला सांगितलं. प्रश्न आणि उत्तर जोडीनं लावायला सांगितलं आणि मशीन नीट बसवून ऐकायला लागल्या. जेवलीस का? दार उघडंच ठेवलंय. औषध घेतलंस का? तो काही बोलत नाही मला. पाच-सहा झाल्यावर म्हातारी खुदकन हसली. "अगं, तू विचारतेस काय, मी सांगतेय काय! आणि तू तरी रोज तेच काय गं विचारायचीस? तुझी आई कंटाळत नव्हती?"

"कंटाळायची," कानताई म्हणाली, आणि ती दोन वर्षांत पहिल्यांदा आईसाठी रडली. आजींनी तिला रडू दिलं. जावई चहा ठेवायला आत गेला आणि बराच वेळ आतच राहिला.

मग आजींनीच विचारलं, "हे कुणालाही ऐकू जाईल असं ठेवता येतं का? कुठेही असली तरी?"

येत होतं. कानताईनं त्यांच्या नावाची वेगळी कोठी काढली, त्यांचं त्यांचं खातं केलं, आणि सगळ्या खिडक्यांमधून दिसेल असं उघडं ठेवलं. जावयाकडे बायकोचा एक जुना फोटो होता, तो लावला. आजी रोज दुपारी बटण दाबून बोलायला लागल्या. आता त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत होता, त्यामुळे ओरडत नव्हत्या. "मी आहे. तो पण आहे. दोघंही तुझ्यावर रागावलेलो नाही. बोलावंसं वाटलं तर बोल." दर आठवड्याला कानताई जाऊन नको ते काढायची, हवं ते नीट लावायची. कुणी कुणी अनोळखी लोक दोन शब्द बोलून जायचे; आजी त्यांनाही उत्तर द्यायच्या.

काही महिन्यांनी एक उत्तर आलं, त्यात कुणी बोललेलंच नव्हतं. खात्याला नाव नाही, फोटो नाही, कुठल्या तरी लांबच्या छोट्या सर्व्हरवरचं. नुसती शांतता. कानताईला वाटलं, चुकून बटण दाबलं गेलं असेल. पुढच्या आठवड्यात आणखी एक आलं. मग आणखी एक.

ती ते घेऊन दवाखान्यातल्या बंद खोलीत गेली. एक रिकामी खोली ऐकू आली. कुठेतरी नळाचं पाणी वाहत होतं. आणि मायक्रोफोनच्या अगदी जवळ कुणाचा तरी श्वास. आत घेतलेला, धरून ठेवलेला, मग तसाच सोडून दिलेला. बाई की पुरुष, तरुण की म्हातारं, एवढ्या तिखट कानांनाही सांगता येईना.

आजींना सांगावं की नाही यावर ती दोन दिवस घोटाळली. मग सांगितलं. एकदा फसवणूक झाली होती, ती पुरे होती. आजींनी मशीनचा आवाज वाढवून तिन्ही उत्तरं ऐकली. जावयानंही ऐकली. ऐकून तो उठला आणि अंगणात जाऊन उभा राहिला.

"तीच का?" कानताईनं विचारलं.

"माहीत नाही," आजी म्हणाल्या. "भांडायच्या आधी ती असाच श्वास घ्यायची. पण तसा तर कुणीही घेतं."

"मग काय करायचं? खातं बंद करता येतं. अशा उत्तरांचं येणं थांबवता येतं."

"कशाला? ऐकतंय ना कुणीतरी?" म्हणून आजींनी फोन ओढला आणि त्या नाव नसलेल्या माणसाशी बोलायला लागल्या: जावयाचा गुडघा दुखतोय, छपराला नवा पत्रा टाकला, समोरच्या गाडीवाल्यानं कुत्रं पाळलंय.

त्यानंतर ते मुकं उत्तर दर आठवड्याला यायला लागलं. कानताई आधी बंद खोलीत ऐकते, मग अंगणात नेऊन पोचवते. परवा आलेलं तिनं चारदा ऐकलं. तोच श्वास, तेच वाहतं पाणी. मग मध्येच कुणीतरी नळ बंद केला आणि एकदम सगळं शांत झालं. इतकं शांत, की पलीकडचं माणूस आता फोनच्या जवळ येऊन उभं आहे हे कळत होतं. तिथेच ते संपलं.

आजींनी ते ऐकलं, जावयाला हाक मारली आणि त्यालाही शेजारी बसवून घेतलं. मग दोघांनी मिळून बटण दाबलं.